आडव्या बाटलीचा हिशेब



गावातले देशी दारूचे दुकान बंद व्हावे असे बहुतेक घरांतल्या बायांना वाटते. उसाचे बिल बँकेत जमा झाले की त्यातले किती घरी येते आणि किती वाटेतच जिरते, हे त्यांना चांगले ठाऊक असते. पण नुसते पारावर बोलून दुकान बंद होत नाही. त्यासाठी मत टाकावे लागते, आणि मतदान मागून घ्यावे लागते.

स्वित्झर्लंडमध्ये १ लाख नागरिकांनी १८ महिन्यांत सह्या केल्या की राज्यघटनेतील बदलाचा प्रश्न थेट देशाच्या मतदानाला जातो. आपल्याकडे मतदारांना तेवढा अधिकार नाही. परंतु दारूच्या दुकानापुरता तो महाराष्ट्रात आहे. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी सह्यांनिशी मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. शेजारच्या पारनेर तालुक्यात निघोजच्या महिलांनी २०१६ साली अशीच बाटली आडवी केली.

सभासदांना ही रीत नवी नाही. सहकार कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर संस्थेला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तेच तत्त्व इथे आहे. मागणारे पुरेसे असले की विषय टाळता येत नाही.

मात्र खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या. समजा गावात १००० महिला मतदार आहेत. मागणीला २५० सह्या पुरतात, पण दुकान बंद व्हायला ५०१ मते हवीत. ६०० बाया मतदानाला आल्या, ४८० जणींनी आडवी केली आणि १२० जणींनी उभी, तरी दुकान चालूच. जी आली नाही, ती न बोलता उभ्या बाटलीकडे मोजली जाते.

आता आपल्या भागाचे पाहा. दिवाळी झाली की कन्नड, पैठणकडच्या वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी बाया नवऱ्याबरोबर कोयता घेऊन तोडीला जातात, त्या थेट पाडव्याच्या सुमारास परततात. दारूचा जाच त्यांच्याइतका कोणाला? आणि मतदान पौष-माघात ठेवले तर त्यांचेच मत दुकानाच्या बाजूला पडायचे! वरच्या हिशेबात २०० बाया तोडीला गेल्या असतील, तर उरलेल्या ८०० पैकी ५०१ जणींनी, म्हणजे शंभरातल्या त्रेसष्ट जणींनी आडवी करावी लागेल.

कोणाचा परवाना बंद करायचा तर बहुमत भक्कम असावे, हे मला मान्य आहे. दुकानदारही गावचाच माणूस असतो. पण गावच घरी नसताना घेतलेल्या मताला गावाचे मत म्हणता येणार नाही. ऊसपट्ट्यात गाळप हंगाम चालू असताना असे मतदान घेऊ नये, असा नियमच शासनाने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियम होईल तेव्हा होवो. तोवर वेळ आपण साधावी. कोयते परत आले की सह्यांना लागावे, म्हणजे पडताळणी होऊन मतदान दिवाळीच्या आत उरकेल. २५ टक्क्यांवर थांबू नये. नांग्या पडणार हे धरून आपण जादा रोपे राखून ठेवतोच ना? काही सह्या पडताळणीत गळतात. अर्जापूर्वी उत्पादन शुल्क कार्यालयातून चालू नियम समजून घ्यावेत आणि मतदार यादी घेऊन बसावे. मतदानाच्या दिवशी बायकांना खुरपणीला बोलावू नये, हे तर शेतमालकांच्याच हाती आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली शासनाने दारूबंदी केली आणि २०२१ साली शासनानेच उठवली. वरून आलेले वरूनच गेले. गावाने स्वतः मोजून-मापून केलेला निर्णय उलटवणे तितके सोपे नसते, कारण तो राखायला गावच उभे असते.

— ऊस विकास अधिकारी