चूक आधी ऐकावी, मग पुसावी

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. गाणाऱ्याला टाळ्या, तबलजीला ‘वाहवा’. आमच्या वाट्याला चार जाड तारा आणि ‘हा नेमके काय वाजवतो?’ हा प्रश्न! तरीही दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी बेस गिटार घेतली. दोन खोल्यांच्या घरात अँप्लिफायर लावणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर. तेव्हा ठरवले, गिटार कॉम्प्युटरला जोडायची, कानाला हेडफोन लावायचा आणि घरीच ध्वनिमुद्रण करायचे.

पहिला प्रयत्न फसला. गिटारची पिन कशीबशी जुळवून माइकच्या जागी खुपसली. ऐकू आला तो डबा बडवल्यासारखा आवाज, वर खरखर. दोष गिटारचा नव्हता. साध्या पिकअपमधून येणारा संदेश नाजूक असतो; त्याला सुमारे दहा लाख ओहम रोधाचे इनपुट लागते. माइकच्या जागी तो दबून जातो. मग शिकवणीच्या पैशांतून ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची छोटी पेटी आणली. तिच्यात गिटारसाठी वेगळी सोय असते. ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेते आणि ते आकडे कॉम्प्युटरला देते. ‘बफर’ १०२४ नमुन्यांचा ठेवला तर तेवढ्यातच सुमारे २३ मिलिसेकंद जातात आणि हात अडखळतो. १२८ चा ठेवला तर जेमतेम तीन.

ही झाली यंत्राची गोष्ट. माझे म्हणणे पुढेच आहे.

स्वतःचे वादन प्रथमच नीट ऐकले आणि शरमलो. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी तालाच्या पुढे धावत होतो. तेवढ्यात एक करामत सापडली : माउसची कळ दाबली की प्रत्येक आघात सरकून तालावर बसतो! ध्वनिमुद्रण निर्दोष झाले. मित्रांनी ते ऐकून मला गॅदरिंगच्या गाण्यासाठी निवडले. रंगमंचावर माउस नव्हता. दुसऱ्या कडव्यात ड्रम एकीकडे, मी दुसरीकडे; गाणारी मैत्रीण मधेच थांबली. नंतर ती मला एका शब्दानेही बोलली नाही. तेच अधिक लागले.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी, मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सनची बेसही थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेला जोडली जाई. युक्ती माझीच म्हणा ना! पण त्याची चूक सरकवणारी कळ तेथे नव्हती. सोबतच्या वादकांचे ऐकत, उजव्या हाताच्या एका तर्जनीने तो वाजवी. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांवर त्याचे नावही नाही. लय मात्र आजही ऐकू येते.

म्हणून यंत्रच नको, असे मी म्हणत नाही. ते नसते तर माझा दोष मला कळलाच नसता. पण कळल्याबरोबर तो पुसणे म्हणजे शेजारच्याची उत्तरपत्रिका उतरवणे : गुण मिळतात, विषय येत नाही.

मित्रहो, तुम्ही गिटार जोडा, पेटी जोडा, नाहीतर नुसता गळा. मात्र गाणे सलग मुद्रित करा, ऐका, पुन्हा वाजवा. मी हल्ली तेच करतो. ओळीच्या शेवटी अजून धावतो. पण आता पाय उचलण्याआधीच मला ते कळते.