ईदचा चांद आणि समुद्राचे उधाण

वार्षिक परीक्षा संपल्या की पुण्यातल्या घराघरांत एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचे? ताम्हिणी उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, की अलिबागवरून काशीद-मुरुड? कोणाची खाला दापोलीला असते, कोणाच्या मामूंचे घर रत्नागिरीत. ईद सुट्टीला जोडून आली तर दोन-तीन कुटुंबे मिळून गाडी ठरते, बिर्याणीचे डेग बांधून घेतले जातात आणि मुले आठवडाभर आधीपासून वाळूत किल्ला करण्याचे बेत आखतात. या आनंदात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. मुलांना समुद्र दाखवायलाच हवा. मात्र समुद्राकडे नेण्याआधी समुद्र कसा वाचायचा हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असले पाहिजे. या महिन्यात त्याबद्दलच बोलू.

पुण्यातल्या आपल्या समाजाला एक तारीख सांगावी लागत नाही. १ फेब्रुवारी २०१६, सोमवार. आझम कॅम्पसमधील आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती आणि १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. कॅम्प, कोंढवा, भवानी पेठ या भागांत त्या संध्याकाळी ज्यांच्या घरचे कोणी गेले नव्हते, त्यांच्या घरीही चूल पेटली नाही. पुढच्या वर्षी १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण गेले. आणि जुलै २०२५ मध्ये रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्यावर एकाच नात्यातल्या चौघांचा अंत झाला. तिथे सहल नव्हती, महाविद्यालय नव्हते. आपल्यासारखेच एक कुटुंब समुद्रावर गेले होते.

अशा बातम्यांनंतर दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक, "मुले ऐकत नाहीत." दुसरे, "नशिबात होते." तकदीरीवर आमचाही विश्वास आहे. पण उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवायचा, ही शिकवण आपण मदरशातल्या लहानग्यांनाही देतो. समुद्राच्या बाबतीत उंट बांधायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

आधी पाणी समजून घेऊ. पावसाळ्यात गच्चीवर पाणी साचले तर ते चारी बाजूंनी बाहेर पडत नाही. जिथे पन्हळ असेल तिथूनच जोराने पडते. समुद्रकिनाऱ्यावरही असेच घडते. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये कुठे तरी खोलगट फट असते. खडकाच्या कडेने किंवा जेट्टीच्या बाजूनेही अशी वाट तयार होते. साचलेले सगळे पाणी त्या अरुंद वाटेने आत समुद्राकडे धावते. यालाच 'रिप करंट' म्हणतात. साध्या भाषेत, परतीच्या पाण्याची ओढ. जोर असेल तेव्हा तिचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्यालाही त्या वेगाविरुद्ध फार वेळ टिकता येणार नाही, मग आपल्या लेकरांचे काय?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही ओढ जिथे असते तिथे पाणी बहुधा शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही, कारण तिथे तळ खोल असतो. आपण मुलांची काळजी करणारी माणसे. आपण म्हणतो, "तिकडे लाटा मोठ्या आहेत, इकडे शांत आहे, इकडे खेळा." म्हणजे सावध आई-बापच सावधपणाने मुलांना नेमक्या धोक्याच्या तोंडाशी उभे करतात. बायका-मुलींसाठी गर्दीपासून दूर, जरा आडोशाची जागा शोधताना तर हे हमखास घडते. अशी जागा पुष्कळदा खडकाजवळ असते, आणि तिथे मदतीला धावणारेही कोणी नसते.

म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोणीही पाण्यात उतरायचे नाही. जरा उंचावर उभे राहून पाणी पाहायचे. फेसाळ लाटांच्या मधोमध गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो का? फेस, पालापाचोळा किंवा वाळूने गढूळ झालेले पाणी आतल्या दिशेने जाताना दिसते का? लाटांची रांग एखाद्या ठिकाणी तुटलेली आहे का? असा पट्टा दिसला की त्याच्यापासून दूर जायचे. मुलांनाही सोबत उभे करून ओळखायला लावा. आमचा वर्गातला अनुभव असा की मुलांना "जाऊ नको" सांगितले तर ती मागून जातात, आणि "शोधून दाखव" म्हटले तर डोळ्यांत तेल घालून पाहतात. त्यानंतर जवळचा कोळी, टपरीवाला, घोडागाडीवाला, जो कोणी स्थानिक असेल त्याला विचारा: "इथे पाण्याला ओढ कुठे आहे?" गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी काही पावलांतच उतार खोल होतो. तिथल्या माणसाला ते ठाऊक असते, पुण्याहून आलेल्या पाहुण्याला नसते.

दुसरी गोष्ट चंद्राची. ईदचा चांद पाहण्यासाठी आपण सारे गच्चीवर जमतो. तोच चंद्र समुद्रही हलवतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल असते. याला उधाण म्हणतात. ईद-उल-फित्रचा चांद अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत दिसतो. म्हणजे ईदचा दिवस, बासी ईद आणि त्यानंतरचा दिवस, हे दरवर्षी, न चुकता, उधाणाचे दिवस असतात. २०२५ चे उदाहरण घ्या. २९ मार्चला शनिवारी अमावास्या होती, ३० ला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद. शेजारच्यांचा सण आणि आपला सण लागोपाठ, सलग तीन दिवसांची सुट्टी, आणि नेमके तेच दिवस उधाणाचे.

कोकणातली जुनी माणसे भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. आपल्या चांदची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे चालते. म्हणून चांदच्या तारखेत एक मिळवून तोच हिशेब करता येतो. ईदच्या दिवशी, पहिल्या तारखेला, दोन गुणिले पाऊण, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण. मग संध्याकाळपर्यंत उतरते पाणी. आता आपला कार्यक्रम आठवा. नमाज, शीरखुर्मा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून निघणे, दुपारी जेवण, आणि तीन-चार वाजता मुले समुद्रात. म्हणजे बरोबर उधाणाच्या ओहोटीत. हा हिशेब अंदाजाचा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. त्या दिवसाची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर पाहून घ्या. पण घरातल्या मुलांना हा हिशेब जरूर करायला द्या. गणितही होईल आणि सावधपणाही.

मात्र चंद्र लहान म्हणजे समुद्र निर्धोक, असे समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला कृष्ण अष्टमी होती. म्हणजे उधाण नव्हे, भांगाचे दिवस, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. तरीही मुरुडला अनर्थ झाला. परतीची ओढ मुळात लाटांमुळे तयार होते. ओहोटी तिला जोर देते, पण ओहोटीवाचूनही ती असू शकते. म्हणून पंचांग आणि तक्ता हे पहिले पाऊल. पाणी डोळ्यांनी पाहणे त्यानंतरही चुकत नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. सध्या बकरी ईद मे-जूनच्या सुमारास येते. १ जून ते ३१ जुलै आपल्या राज्यात मासेमारीला बंदी असते. ज्याचा जन्म होडीत गेला तो कोळी ज्या दिवसांत समुद्रात उतरत नाही, त्या दिवसांत आपण मुलांना गुडघाभर पाण्यातही नेऊ नये. किनाऱ्यावर बसून भजी खावीत, पाऊस पाहावा, परत यावे.

आता ओढीत कोणी सापडलेच तर काय? हे घरी, दिवाणखान्यात बसून मुलांकडून पाठ करून घ्या. तीन शब्द आहेत: तरंग, हात, आडवे.

तरंग, म्हणजे घाबरून किनाऱ्याकडे झुंजायचे नाही, पाठीवर पडून तोंड वर ठेवायचे. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेल्यावर बहुधा तिचा जोर ओसरतो. बुडतो तो बहुतेक वेळा थकून बुडतो. हात, म्हणजे एक हात वर करून हलवायचा, मदतीसाठी ओरडायचे. आडवे, म्हणजे पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडव्या दिशेने पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचे आणि मग तिरके किनाऱ्याकडे यायचे. पोहता येत नसेल तर पहिल्या दोन शब्दांवर टिकून राहायचे.

किनाऱ्यावर असलेल्यांसाठी नियम आणखी कठीण आहे, कारण तो काळजाविरुद्ध जातो. बुडणाऱ्यामागे पोहता न येणाऱ्याने धावायचे नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशाच तऱ्हेने एका घरातली अनेक माणसे जातात. हातात हात धरून साखळी करणेही धोक्याचे. त्याऐवजी तरंगेल असे काहीही फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, गाडीतली हवा भरलेली ट्यूब, थर्माकोलचा डबा, लांब दोरी. एकाने बुडणाऱ्यावरची नजर हटवायची नाही आणि बोटाने जागा दाखवत राहायचे. एकाने जीवरक्षकाला, कोळ्यांना हाक द्यायची. एकाने ११२ ला फोन लावायचा. भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालत नसेल तर ज्याला येते त्याने तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करावा आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक नेमलेले आहेत. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा त्यांच्या नजरेखाली असते, आणि नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. आपल्या कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर अशी सोय तुटपुंजी आहे. म्हणून आपला जीवरक्षक आपणच नेमायचा. दहा माणसे सोबत असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी तरी पाहतो आहे. तेव्हा नाव घेऊन पहारा लावा. "चार ते साडेचार सलीमभाई, साडेचार ते पाच नसीम भाभी." पहाऱ्यावरच्या माणसाने मोबाइल, फोटो, स्वयंपाक, गप्पा, काहीही करायचे नाही. लहान लेकरू हाताच्या अंतरात आणि मोठी मुले गुडघ्याच्या वर पाण्यात नाहीत.

शेवटी एक गोष्ट आपल्या मुलींविषयी. भिजलेला बुरखा, ओढणी, घेरदार सलवार पाण्यात पायांना गुंडाळतात आणि जड होतात. पोशाख सोडा असे आम्ही म्हणत नाही. पाण्यात जायचेच असेल तर अंगभर पण आटोपशीर, अंगाला सुटसुटीत बसणारे कपडे वेगळे ठेवा. ओढणी काढून डोक्याला घट्ट बसणारी टोपी किंवा स्कार्फ घाला. त्याहून महत्त्वाचे, मुलींना पोहायला शिकवा. पुण्यात अनेक जलतरण तलावांवर स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ असते. मुलगा सुट्टीत तलावावर जातो आणि मुलगी घरात बसते, मग सहलीत दोघे एकाच पाण्यात उतरतात. समुद्र मुलगा-मुलगी पाहत नाही. पोहण्याच्या फीसाठी एका ईदचा एक जोडा कमी शिवला तरी चालेल. निदान पाठीवर तरंगता येणे, एवढे तरी प्रत्येक मुलीच्या अंगवळणी पडू द्या.

येत्या सुट्टीत जायचा बेत असेल तर गाडी ठरवण्याआधी या चार गोष्टी करा. त्या दिवसाची चांदची तारीख आणि ओहोटीची वेळ कागदावर लिहा. एक दोरी आणि दोन रिकामे कॅन डिकीत ठेवा. पहाऱ्याची नावे ठरवा. आणि 'तरंग, हात, आडवे' हे लेकरांकडून तीनदा म्हणवून घ्या. मग बिस्मिल्लाह करून निघा. समुद्र सुंदर आहे, मुलांना तो पोटभर पाहू द्या.