जुनी गाडी आणि लांबचा पल्ला



रब्बीची मळणी आटोपली, पोती घरात आली, मुलांच्या शाळांना सुट्टी लागली, की शेतकऱ्याच्या घरात एक विषय हमखास निघतो. कुठे तरी जाऊन येऊ या. पोरांना समुद्र पाहायचा असतो, आईला देवदर्शन हवे असते, आणि घरच्या कारभारणीला चार दिवस चुलीपासून सुटका हवी असते. दारात गाडी उभी असते, पण ती जुनी. कुणाची मारुती व्हॅन, कुणाची मॅटाडोर, कुणाची जीप. बाजाराला, डेअरीला, खताची पोती आणायला ती बिनतक्रार चालते. पण लांब जायचे म्हटले की घरातला कुणी तरी म्हणतोच, "हिचा काय भरवसा? वाटेत बंद पडली म्हणजे?"

झाले! बेत पुढच्या वर्षावर जातो. पुढच्या वर्षी नवी गाडी घेऊ, मग जाऊ. पुढच्या वर्षी पाऊस दगा देतो, नाही तर कांद्याचा भाव पडतो, आणि नवी गाडी आणखी पुढे जाते. तोवर पोरे मोठी होऊन शिकायला शहरात जातात आणि आईच्या गुडघ्यांना गाडीची पायरी चढवेनाशी होते. समुद्र आहे तिथेच राहतो. पाहणारी माणसे मात्र थांबत नाहीत.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे, की जुन्या गाडीने लांब जाता येते. वाटेत ती अडेल हे धरूनच निघावे. मात्र निघण्यापूर्वी बिघाडाचे दोन प्रकार नीट ओळखावेत. एक बिघाड गाडीला अडवतो, दुसरा जिवावर बेतणारा असतो. पहिला सोबत घेऊन खुशाल निघा. दुसरा अंगणातच मिटला पाहिजे, नाही तर चाक हलवू नका.

आपल्या आजोबा-पणजोबांनी बैलगाडीने पंढरपूर केले, ते काय नव्या गाडीने? निघण्याआधी ते चाके काढून वंगण घालत, धाव सैल झाली असेल तर लोहाराकडून बसवून घेत, कणा आणि जू हाताने चाचपून पाहत. गाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि जादा दोर बरोबर असे. वाटेत काही तरी मोडणार हे त्यांना ठाऊकच होते. दुरुस्तीची तयारी हा त्यांच्या प्रवासाचाच भाग होता.

मोटारीच्या बाबतीतही पहिल्यापासून हेच घडत आले आहे. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईने केला. तिचे नाव बेर्टा बेंझ. तिचा नवरा कार्ल बेंझ याने जर्मनीत तीन चाकांची मोटार बनवली होती, पण ती घ्यायला लोक धजत नव्हते. ऑगस्ट 1888 मध्ये एके पहाटे बेर्टाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांचे दोन मुलगे बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. आणि जायचे कुठे होते? माहेरी, आईला भेटायला!

वाटेत काय झाले नाही ते विचारा. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे वेष्टन निघाले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले, ते एका गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतले. पेट्रोल पंप तेव्हा कुठून असणार? इंजिन थंड ठेवायला जागोजागी पाणी भरले. चढ आला की मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. पण ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा मात्र बाईंनी पिनेवर आणि पट्ट्यावर भागवले नाही. चांभाराकडून ठोकळ्यांना चामडे ठोकून घेतले आणि मगच पुढे गेल्या. नळी तुंबली तर गाडी फार तर उभी राहील. ब्रेक गेला तर ती उभी राहणार नाही. एवढा फरक त्यांना नेमका कळला होता. तोच आपण शिकायचा.

तेव्हा आधी जिवावरच्या गोष्टी पाहू. त्या चार आहेत: ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि इंधनाची गळती.

ब्रेकची साधी परीक्षा घरी करता येते. गाडी उभी असताना इंजिन चालू करा आणि ब्रेकचा पेडल जोराने दाबून मिनिटभर धरा. पेडल घट्ट राहिला तर ठीक. हळूहळू खाली जात असेल तर कुठे तरी गळती आहे. दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागत असेल तर हवा शिरली आहे किंवा लायनर झिजले आहेत. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय निघू नका. ब्रेक ऑइल किती वर्षांत बदलले नाही तेही आठवा. ते हवेतला ओलावा ओढून घेते. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते आणि ऐन वळणावर पेडल पोकळ लागतो.

टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी राहिली, तर असे टायर चालवायला कायद्याने मनाई आहे. पण नुसती नक्षी पाहून फसू नका. व्हॅन कमी फिरते, म्हणून नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र वाळून जाते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर लांब नेऊ नये. स्टेपनीतही हवा भरून घ्या. जाता जाता सांगतो, स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. तिथे जादा चाके बनत. आपल्याकडे मात्र स्टेपनीची आठवण पंक्चर झाल्यावरच होते.

स्टिअरिंगला फार ढील असेल, किंवा गाडी आपोआप एका बाजूला ओढत असेल, तर तेही आधी पाहून घ्या.

चौथी गोष्ट गळतीची. मारुती व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, म्हणजे पेट्रोल गळाले तर ते थेट माणसाखाली. त्यात 2025 पर्यंत देशभरच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे, म्हणून त्याच्याशी आपले वैर नाही. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या आणि त्या लवकर खराब होऊ शकतात. नळी चिकट, फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली तर बदला; खर्च फारसा नसतो. गाडीत पेट्रोलचा वास आला तर अत्तर लावून झाकू नका. आणि स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीला जोडून चालवण्याचा उद्योग तर मुळीच नको. तो गुन्हाही आहे आणि बॉम्बही.

आता गाडीला अडवणारे बिघाड. त्यांच्यासाठी एक पत्र्याची पेटी भरा. पाने, पकड, पेचकस, जॅक, चाकाचा पाना, विजेरी, बांधायची तार, चिकटपट्टी, दोन-तीन फ्यूज, एक पट्टा, पाण्याच्या नळीच्या क्लिपा, क्लचची आणि अॅक्सिलेटरची वायर, प्लग, इंजिन ऑइल, आणि दहा लिटर पाण्याचा कॅन. हे पाणी पिण्याचे नव्हे, गाडीचे. पैशांचेही तसेच. बिघाडासाठी थोडी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ती खर्च झालीच असे मनाशी धरून चाला. उरली तर येताना पोरांना काही तरी घेऊन द्या. गाडी अडल्याचे निम्मे दुःख खिशाचे असते, ते असे कमी होते.

समजा, तुम्ही माण किंवा आटपाडी भागातले आहात आणि गुहागरचा समुद्र पाहायचा ठरला आहे. कराडला आलात, पाटण, कोयनानगर, हेळवाक करीत कुंभार्ली घाट उतरलात, की चिपळूण आणि पुढे गुहागर. या वाटेवर जाताना ब्रेकची परीक्षा होते आणि परतताना इंजिनाची.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीचा वेग इंजिनाला आवरू द्या, ब्रेक अधूनमधून मारा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. त्यात सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि इंजिनच बंद केले तर पुष्कळ गाड्यांचा पेडल दगडासारखा जड होतो.

चढताना पाण्याच्या काट्यावर नजर ठेवा. निघण्याआधी रेडिएटरच्या जाळीतला पाचोळा काढा. पंखा विजेवरचा असेल, तर गाडी जागेवर चालू ठेवून तो फिरू लागतो का ते पाहा. काटा वर सरकू लागला तर मोकळी जागा पाहून थांबा, माणसे उतरवा आणि अर्धा-पाऊण तास गाडी निवू द्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडून माणसे भाजली आहेत. गरम इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो. त्या पाऊण तासात दशम्या सोडा, चटणी काढा, समोरचे डोंगर पाहा. आईला विचारा, तिच्या लहानपणी ती गाडीत पहिल्यांदा केव्हा बसली. घरी अशी सवड कधी मिळते?

उन्हात उभी केलेली पेट्रोलची जुनी गाडी कधी कधी सुरूच होत नाही. नळीत पेट्रोलची वाफ धरते. सावलीत लोटा, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवा आणि थोडा वेळ थांबा. डिझेलच्या गाडीत डिझेल संपू देऊ नका. एकदा का हवा धरली, की नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. ती कशी काढायची हे घरीच मिस्त्रीकडून शिकून घ्या.

गाडी बंद पडलीच तर ती रस्त्याच्या कडेला घ्या, चाकाला उटी लावा, मागे पन्नास पावलांवर त्रिकोण ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून दूर बसवा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड मांडतात आणि गाडी सुरू झाली की तसेच टाकून जातात. रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. तोही कुणाच्या तरी घरचा असतो. आपला दगड आपण उचलावा.

कागदपत्रांचेही बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे गाडी तपासून 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. विमा संपला असेल आणि दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. त्यात जमीन विकायची पाळी येऊ शकते. मारुती व्हॅन 1984 साली आली आणि 2019 साली बनायची थांबली. मॅटाडोर पुण्याजवळ आकुर्डीला बनत असे, ती तर त्याच्या कितीतरी आधी थांबली. म्हणजे तुमच्या दारची गाडी वयस्कर आहेच; तिचे कागद तरी ताजे असू द्या.

भगिनींनो, हे सारे पुरुषांचे काम म्हणून सोडून देऊ नका. गाडीत बसण्यापूर्वी तीन प्रश्न तुम्हीच विचारा. ब्रेक आणि टायर मिस्त्रीने पाहिले का? गाडीला जेवढ्या जागा तेवढीच माणसे आहेत का? घाट दिवसाउजेडी पार होईल ना? तिन्हीची उत्तरे होकारार्थी आली तर पोरांना बसवा. एकाचेही नाही आले, तर "कशाला भितेस" असे कुणी म्हटले तरी उतरून उभ्या राहा. तो तुमचा हक्कच आहे.

आणि घाई करू नका. नवी गाडी सहा तासांत जाईल तिथे आपल्याला नऊ लागतील, असे धरून पहाटे निघा. पहिल्यांदा एकदम समुद्र गाठू नका. आधी पन्नास किलोमीटरांवरच्या पाहुण्यांकडे जाऊन या. येताना काय वाजते, काय तापते, काय गळते ते लिहून ठेवा आणि तेवढे मिस्त्रीकडून करून घ्या. बैल नवा असो की म्हातारा, त्याची चाल ओळखणाऱ्याच्या हातीच तो नीट चालतो. गाडीचेही तसेच आहे.

तर मंडळी, येत्या रविवारी गाडी शेडबाहेर काढा. ब्रेकचा पेडल दाबून मिनिटभर धरा, चारही टायरांवरचे आकडे वाचा, इंधनाच्या नळ्या हाताने चाचपा. जे सापडेल ते आठवड्याभरात करून घ्या. मग आईला विचारा, कुठे जायचे.