वरची पंगत, खालची पंगत

ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या जिममध्ये गेल्या जानेवारीत मी भाचीचा बास्केटबॉलचा सामना बघत बसलो होतो. दोनेकशे माणसं असतील. दारात पॉपकॉर्नचं यंत्र, स्कोअरबोर्डवरचा एक दिवा गेलेला, आणि बँडऐवजी एक पोरगा लॅपटॉपवर गाणी लावतोय. शेजारी कॉलेजचं जुनं जॅकेट घातलेले एक माजी विद्यार्थी होते, सत्तरीचे. मध्यंतरात ते उसासून म्हणाले, "आपण या गल्लीत काय करतोय? आपली जागा वरच्या डिव्हिजनमध्ये आहे."

ते एकटे नव्हते. कॉलेजने त्या वर्षी कॉन्फरन्स बदलायची का, डिव्हिजन बदलायची का, हे ठरवण्यासाठी सल्लागार नेमले होते. अमेरिकेतल्या लहान कॉलेजांना हा प्रश्न दर काही वर्षांनी छळतो, आणि दर वेळी त्याची तीच दोन ठरलेली उत्तरं पुढे येतात. दोन्ही मला खोटी वाटतात.

वाचकांसाठी आधी थोडी मांडणी. तिकडचे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने 1973 मध्ये कॉलेजांचे तीन डिव्हिजन पाडले. पहिल्यात टीव्ही, पैसा आणि खेळाची पूर्ण स्कॉलरशिप. तिसऱ्यात खेळासाठी एक डॉलरही स्कॉलरशिप नाही, आणि तिथेच सर्वात जास्त, चारशेहून अधिक, कॉलेजं आहेत. प्रत्येक डिव्हिजनच्या पोटात कॉन्फरन्स असतात, म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळणाऱ्या आठ-दहा किंवा अधिक कॉलेजांचे गट. आपल्याकडे कॉलेजला असं काही निवडावं लागत नाही. विद्यापीठ ज्या झोनमध्ये टाकेल तिथे जायचं, हरून यायचं. तिकडे कॉलेज आपली कॉन्फरन्स स्वतः निवडतं, सोडतं, आणि क्वचित तिथून हाकललंही जातं.

आता पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. वर गेलो की नाव होतं, नाव झालं की अर्ज येतात, अर्ज आले की फी येते. पुरावा म्हणून बोस्टन कॉलेज दाखवतात. 1984 च्या नोव्हेंबरात डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी लांबच्या लांब पास फेकला, तो टीव्हीवर देशाने पाहिला, आणि कॉलेजकडे अर्जांची रीघ लागली अशी आख्यायिका झाली. पण बोस्टन कॉलेज फक्त नावाला कॉलेज, प्रत्यक्षात भलंमोठं विद्यापीठ. त्याचे अर्ज त्या पासच्या आधीही वाढतच होते. हत्तीला लागू पडलेलं औषध शेळीला पाजायचं, तर निदान शेळीचं वजन तरी करा.

लहानांचं काय होतं ते हार्टफर्डला विचारा. कनेक्टिकटमधल्या या विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ 2021 च्या मार्चमध्ये इतिहासात पहिल्यांदा एनसीएएच्या मोठ्या स्पर्धेत पोचला. पहिल्याच सामन्यात बेलरने 79-55 असं हरवलं आणि पुढे विजेतेपदही नेलं, त्यामुळे हरण्यात लाज नव्हती. ज्या क्षणाची वर जाणारे सगळे स्वप्नं बघतात, तो क्षण आला होता. मग मेमध्ये, म्हणजे दोन महिनेही झाले नसताना, विश्वस्तांनी ठराव केला: तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जायचं. सल्लागारांच्या अहवालात वर्षाला 92 लाख डॉलर वाचण्याचा हिशोब होता. 2025 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटो गावच्या सेंट फ्रान्सिसने तर आठवडाच घेतला. 18 मार्चला त्याच स्पर्धेत अलाबामा स्टेटकडून 70-68 ने हरले, 25 तारखेला तिसऱ्या डिव्हिजनची घोषणा. म्हणजे पंगतीत पान मांडून झालं, पहिला घास घेतला, आणि बिल बघून पाहुणा उठला.

पंगतीचं ताट रोज महागही होतंय. दुसऱ्या डिव्हिजनमधून पहिल्यात यायच्या अर्जाची फी 2023 मध्ये पाच हजार डॉलरवरून थेट पन्नास लाख डॉलर झाली. 2025 च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षासाठीच दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ज्याच्या वसतिगृहाचं छप्पर गळतंय, त्याने या बाजारात बोली लावायला जायचं?

याच हार्टफर्ड शहरात ट्रिनिटी कॉलेज आहे. डिव्हिजन तिसरं. तिथल्या पुरुषांच्या स्क्वॉश संघाने 1998 पासून 2012 पर्यंत सलग 252 लढती जिंकल्या, येल आणि हार्वर्डसकट सगळ्यांविरुद्ध, आणि त्या संघांत आपल्याकडून गेलेली मुलंही होती. स्क्वॉशमध्ये डिव्हिजनच्या भिंती नाहीत, हे खरं. पण पंगत खालची म्हणून कुणी ट्रिनिटीला ओळखलं नाही असं झालं नाही.

इथे माझे काही मित्र टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, मग खाली जा, पैसे वाचतील, कॉलेज तरेल. हा दुसरा पूर्वपक्ष. तो जास्त शहाणा दिसतो, म्हणून जास्त फसवतो.

अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज घ्या. 1856 पासूनची परंपरा, लहान, खासगी. ते पहिल्या डिव्हिजनमध्ये चढलं, खर्च झेपेना, आणि 2006 मध्ये विश्वस्तांनी खाली यायचं ठरवलं. पाठोपाठ 2007 मध्ये अनेक दशकं बंद असलेलं फुटबॉलही सुरू केलं. शहाण्या सल्ल्याप्रमाणे सगळं झालं. तरी 31 मे 2024 रोजी कॉलेज कायमचं बंद झालं. इमारतींवरचा खर्च, कर्ज, आटलेली गंगाजळी या दुखण्यांवर डिव्हिजनचा लेप लागत नाही. बेसबॉलचा संघ मात्र तेव्हा ओहायोतल्या ईस्टलेकला तिसऱ्या डिव्हिजनच्या अंतिम स्पर्धेत होता. कॉलेज बंद झालं त्या दिवशी ते पहिला सामना हरले, दुसऱ्या दिवशी शेवटच्या फटक्यावर होम रन मारून जिंकले, आणि 2 जूनला विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून 11-10 असे हरले. कॉलेज उरलं नव्हतं, संघ खेळत होता. एकाच्या प्रकृतीवरून दुसऱ्याचं निदान करू नका, यापेक्षा आणखी काय सांगू?

आणि "पैसे वाचतात" याची आतली गोम वेगळीच आहे. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये स्कॉलरशिप नाही, म्हणजे खेळाडू हा फी भरणारा विद्यार्थी असतो. म्हणून अडचणीतलं कॉलेज संघ वाढवतं. फुटबॉलला मैदानात एका वेळी अकरा जण, पण नावं शंभरावर. कोच हा प्रवेश विभागाचा फिरता एजंट होतो आणि त्याला आकडा दिलेला असतो. कित्येक खासगी कॉलेजं छापील फीतली निम्म्याहून अधिक रक्कम सवलत म्हणून परत देतात, तेव्हा त्या शंभरातल्या प्रत्येकाकडून खरोखर किती आले हे वेगळंच मोजावं लागतं. साठावा, सत्तरावा मुलगा चार वर्षं बाकावर बसतो आणि त्याच्या आईबापांना वाटतं, पोरगा कॉलेजकडून खेळतो. ही काटकसर नाही, ही भरती आहे.

मग माझं म्हणणं काय? वर-खाली हा शब्दच चुकीचा आहे. कॉन्फरन्स म्हणजे शिडी नव्हे, आळी आहे. आपण कुणाच्या शेजारी राहतो, कुणाशी दरवर्षी हरायला-जिंकायला आपल्याला परवडतं, कुणाच्या परीक्षा आपल्याच आठवड्यात येतात, हे आधी ठरवा.

या दृष्टीने मिनेसोटातल्या सेंट थॉमसची गोष्ट मला पटते, आणि ती वर जाण्याची गोष्ट आहे. 1920 पासून ते ज्या कॉन्फरन्सचे संस्थापक सदस्य होते, तिथे ते इतके वाढले की 2017 मध्ये फुटबॉलमध्ये सेंट ओलाफला 97-0 ने हरवलं. 2019 मध्ये शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं. 2021 मध्ये ते तिसऱ्यातून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये गेले. हाव म्हणून नव्हे, आळीत मावेनात म्हणून. त्याच कॉन्फरन्समधल्या मॅकॅलेस्टरने उलट केलं. 1974 ते 1980 मध्ये सलग पन्नास फुटबॉल सामने हरलेल्या या कॉलेजने 2002 मध्ये फक्त फुटबॉल कॉन्फरन्सबाहेर काढलं, बाकीचे खेळ तिथेच ठेवले, आणि 2021 मध्ये फुटबॉलही परत आणलं. सगळं घर हलवायची गरज नसते. कधी एक खोली दुसरीकडे भाड्याने घेतली तरी चालतं.

शेजार नकाशावरचाच असतो असंही नाही. शिकागो विद्यापीठाने कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या हाइझमन ट्रॉफीचा पहिला मानकरी जे बर्वँगर दिला, 1935 मध्ये. चार वर्षांत मिशिगनने त्यांना 85-0 ने धुतलं आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केलं.  आज शिकागो तिसऱ्या डिव्हिजनमध्ये न्यूयॉर्क, अटलांटा, सेंट लुइस इथल्या संशोधन विद्यापीठांशी खेळतं. विमानाने जावं लागतं, पण घर एकाच वळणाचं. ते श्रीमंत आहेत, त्यांना विमान परवडतं. ज्याला परवडत नाही त्याने बसचे तास मोजावेत.

कॅलटेकचं तर काय सांगावं. पुरुषांचा बास्केटबॉल संघ 1985 पासून कॉन्फरन्समध्ये सलग 310 सामने हरला. सव्वीस वर्षांत तिथे एकही विजय नाही. कुठलाही सल्लागार म्हणाला असता, सोपी कॉन्फरन्स बघा. त्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले तेच शेजारी धरून ठेवले, आणि 22 फेब्रुवारी 2011 रोजी पॅसाडीनात ऑक्सिडेंटलला 46-45 ने हरवलं. एका गुणाने!

स्पेलमनने 2012 मध्ये याहून मूळचा प्रश्न विचारला. अटलांटातलं हे कृष्णवर्णीय स्त्रियांचं कॉलेज. कॉन्फरन्स विस्कटत चालली होती, म्हणून नवी कुठली शोधायची यावर चर्चा चालू होती. अध्यक्ष बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी आकडे मांडले. 2,100 मुलींपैकी खेळाडू ऐंशीच्या आसपास, खर्च जवळपास दहा लाख डॉलर. त्यांनी स्पर्धाच सोडल्या आणि ते पैसे सगळ्या मुलींच्या व्यायामाकडे वळवले. मला स्वतःला हे थोडं टोकाचं वाटतं. त्या ऐंशी मुलींचं नुकसान झालंच. पण मोजणी योग्य जागेपासून सुरू केली होती.

भाचीच्या कॉलेजच्या सल्लागारांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. तिने ती मला फोनवर दाखवली. लोगो कसा वाटतो, कुठल्या कॉलेजांच्या रांगेत आपण दिसावं असं वाटतं, 'ब्रँड' ऐकल्यावर पहिला शब्द कुठला सुचतो. बावीस प्रश्न. आदल्या आठवड्यात ती बुधवारी रात्री पावणेतीनला बसमधून उतरली होती, मांडीवर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक, बूट हातात, आणि सकाळी आठला लॅब.

"मामा, बसबद्दल एकही प्रश्न नाही," ती म्हणाली. शेवटी 'इतर काही' असा एक रिकामा चौकोन होता. त्यात तिने लिहिलं होतं: आठवड्याच्या मधल्या सामन्यांना रात्री अकराच्या आत परत.