उत्तर उताऱ्यात नाही

पुढील उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे द्या.

लिंबट पाखडीत एक मुरकुल गंडोरत होते. त्याच्या हातात दोन फिरवटी होत्या. फिरवटी झुंबल्यामुळे मुरकुल ओचंबले.

मुरकुल कोठे गंडोरत होते? त्याच्या हातात किती फिरवटी होत्या? मुरकुल का ओचंबले?

तिन्ही उत्तरे तुम्हाला आली ना? पूर्ण वाक्यात लिहिली तर पैकीच्या पैकी गुण. मुरकुल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही, कारण उतारा मीच रचला आहे. आठवीच्या वर्गाला तो दिला तेव्हा पाच मिनिटांत सगळ्यांचे लिहून झाले. शेवटच्या प्रश्नात 'का' होता, तरी कुणी अडले नाही. 'मुळे' दिसला की त्याच्या आधीचे शब्द उतरवायचे, हे त्यांना पाठ आहे. 'टीचर, मुरकुल म्हणजे काय?' असे एकानेही विचारले नाही.

मी नगरमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच.) आमची मुले मराठीत मागे का, हा प्रश्न पालकसभेत, लग्नाच्या मांडवात, कुठेही कानावर येतो. उत्तरही तयार असते: घरात मराठी बोलत नाहीत, शब्दसंग्रह कमी, लिंग-वचनाच्या चुका. यात तथ्य आहे, पण हेच सगळे आहे असे मला वाटत नाही. हीच मुले उर्दूच्या पर्चात उतारा सोडवतात तेव्हाही रेघ मारून ओळ उचलतात. शेजारच्या मराठी शाळेतली, घरी अस्सल मराठी बोलणारी मुलेही तेच करतात. अडचण भाषेची असती तर ती एकाच भाषेत दिसली असती.

युक्ती सगळ्या शिकवण्यांत एकच सांगतात: आधी प्रश्न वाचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधा, ती ओळ उतरवा. परीक्षाही तिला हात देते. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पठित गद्याच्या 7 गुणांपैकी 4 आकलनाला आणि 3 स्वमताला असतात. कल्पना चांगली आहे. पण आकलनाच्या चौकटी आणि आकृतिबंध बहुधा शब्द शोधूनच भरता येतात, आणि स्वमतासाठी अपेक्षित प्रश्नसंचातला परिच्छेद पाठ असतो. म्हणजे मुलाचे स्वतःचे मतसुद्धा दुसऱ्याने छापलेले.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. आपली मुले पाच-सहा वर्षांची असताना मक्तबात नाझरा सुरू करतात आणि अर्थाचे अक्षरही न कळता अरबी सुरेख वाचतात. त्या वाचनाला त्याची जागा आहे, तो सवाब आहे, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण वाचन म्हणजे न अडखळता म्हणणे, ही समजूत तिथून शाळेच्या पुस्तकापर्यंत येते. प्रत्येक शैक्षणिक जलशात 'इक्रा'वर भाषण होते. त्या क्रियापदात पठण आणि वाचन दोन्ही आहे, आणि कुरआन तदब्बुरही मागतो, म्हणजे वाचलेल्यावर विचार करणे. भाषणे पहिल्या शब्दापाशी संपतात.

गोष्टीच्या उताऱ्याचे एक उदाहरण देते. हाही माझाच: 'दुष्काळाचे दिवस होते. दादीने तव्यावरच्या दोन्ही भाकरी नातवंडांच्या ताटात वाढल्या. तू नाही जेवत, असे धाकट्याने विचारले. मला भूक नाही, म्हणत ती तांब्याभर पाणी प्यायली आणि चूल विझवू लागली.' प्रश्न: दादी का जेवली नाही?

वर्गातल्या बहुतेकांनी लिहिले, दादीला भूक नव्हती. ओळ समोरच होती. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचे मराठीचे गुण कधी चाळिशीपुढे जात नाहीत, हळूच म्हणाली, 'टीचर, दादी झूठ बोलरी.' मी तिला लिहायला सांगितले तर तिने वहीत लिहिले: दादीला भूक नव्हती. विचारले, असे का? तर म्हणाली, 'पेपर में वैसाच लिखना पड़ता ना.'

तिला उतारा सगळ्यांत नीट कळला होता. परीक्षेत तिचे आणि न कळलेल्यांचे उत्तर सारखेच झाले असते आणि गुणही सारखेच. तिला कळले ते उर्दूतून, आमच्या दखनी उर्दूतून. म्हणून माझा आग्रह आहे की उताऱ्यावरची पहिली चर्चा मुलांच्या भाषेत होऊ द्या आणि मराठी वाक्य त्यानंतर घडवा. 'वर्गात फक्त मराठी बोला' हा नियम मराठीच्या तासाला शोभून दिसतो, पण मूल गप्प बसते आणि आपण त्याला कच्चे ठरवतो.

माहितीपर उताऱ्यासाठी मी हिवरे बाजार घेते. नगरपासून 17 किलोमीटरवरचे गाव, नाव मुलांनी ऐकलेले असते, गावाचे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली हेही सामान्यज्ञानात पाठ असते. मी दिलेला मजकूर साधारण असा: हिवरे बाजार पर्जन्यछायेत आहे. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाऊस पडला, विहिरींची पातळी किती, यावरून उपलब्ध पाणी काढतात. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला ठेवतात, नंतर शेतीचे, आणि काही वाटा जमिनीत पुढच्या काळासाठी राखतात. कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. ऊस आणि केळी घेत नाहीत. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी आहे.

यावर नेहमीचे प्रश्न म्हणजे, गावात कोणती पिके घेत नाहीत, ताळेबंद केव्हा मांडतात. मी विचारते, समजा यंदा पाऊस नेहमीच्या निम्माच झाला, तर रब्बीला हरभरा घ्याल की गहू? वर्ग आधी उतारा चाळतो. 'टीचर, इसमें गेहूँ हैच नहीं.' बरोबर आहे, उताऱ्यात गहू नाही, हरभराही नाही. पण पाणी कोणत्या क्रमाने वाटतात ते आहे. कोणते पीक किती पाणी पिते हे शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला ठाऊक आहे. दोन्ही जोडली की हरभरा हे उत्तर निघते, आणि ते कुठल्याच ओळीत लिहिलेले नाही.

हिवरे बाजारचे लोक दरवर्षी हेच करतात. ताळेबंदाचा कागद हा माहितीपर उतारा आहे आणि त्यावरचा प्रश्न असा की या आकड्यांवर माझ्या रानात काय पेरू. चुकीच्या उत्तराला तिथे शून्य गुण पडत नाहीत, उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते. आकडे समोर ठेवून, काही लोकांना न आवडणारा निष्कर्ष सगळ्यांसमोर काढायचा आणि मानायचा, याला मी आकलन म्हणते. आदर्श गावाच्या कौतुकात श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी येते, पण गाव एकत्र बसून कागद वाचते, हे क्वचित.

त्याच उताऱ्याला मी एक वाक्य जोडले. वर्तमानपत्रांत अनेकदा छापून आले आहे की या गावात मुस्लिम कुटुंब एकच आहे आणि गावाने त्या कुटुंबासाठी मशीद बांधली. प्रश्न: गावाने असे का केले असेल?

इथे वर्ग खुलला, आणि पेपर तपासताना मला फार विचार करावा लागला. निम्म्यांनी लिहिले, 'गावात हिंदू-मुस्लिम भाईचारा आहे.' हे वाक्य आमची मुले पंधरा ऑगस्टपासून सव्वीस जानेवारीपर्यंत ऐकत असतात. ते त्या उताऱ्यातून आलेले नव्हते, म्हणून मी अर्धे गुण दिले. काहींनी उताऱ्यातच आधार शोधला: जे गाव पाणी वाटताना कुणाला वगळत नाही ते इथे कसे वगळेल. याला पूर्ण गुण. एकाने लिहिले, 'एक ही घर था, इसलिए किसी को डर नहीं लगा होगा.' मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. उताऱ्यात याला आधार नाही, पण विरोधही नाही. तेरा वर्षांच्या मुलाने हे लिहिले, तेव्हा उताऱ्याबरोबर तो आपले शहरही वाचत होता. मी पूर्ण गुण दिले आणि शेजारी लिहिले, 'हे कशावरून ठरवशील?' हिवरे बाजारबद्दल मला आदर आहे, तरी या प्रश्नाचे उत्तर मी त्याच्या वतीने देणार नाही.

ओळीत दडलेले न दिसणे ही एक चूक, तशी ओळीत नसलेले दिसणे ही दुसरी. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराच्या काळात दुसरी जास्त महाग पडते. कुणी, कधी, कुठे यांतले एकही उत्तर नसलेला संदेश आपणही पुढे ढकलतो आणि आपल्याविरुद्धही ढकलला जातो. उताऱ्याच्या प्रश्नांत 'हे उताऱ्यावरून सांगता येत नाही' असा पर्याय मी नेहमी ठेवते. मुलांना तो निवडायला भीती वाटते, रिकामी जागा सोडल्यासारखे वाटते.

सरकारचे निपुण भारत अभियान 2021 पासून समजून वाचण्याबद्दल बोलते आहे. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने, पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी पास होणे भाग पडले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. टीईटीत दोन भाषांचे उतारे असतात. स्टाफरूममध्ये संच उघडून बसलेले माझे सहकारी काय करतात सांगू? आधी प्रश्न वाचतात, मग शब्द शोधतात आणि रेघ मारतात.

पालकांकडे मी जास्त मागत नाही. मूल काहीही वाचून उठले, गोष्ट असो, मक्तबातल्या उस्तादांनी सांगितलेला मायना असो की वर्तमानपत्रातली बातमी, 'किती वाचलेस' ऐवजी 'तो असे का वागला असेल' विचारा, उर्दूत विचारा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे मागणे एवढेच की प्रत्येक उताऱ्यावर एक प्रश्न तरी असा ठेवा ज्याचे उत्तर रेघ मारून सापडणार नाही, आणि तपासनिसाला सांगा की 'दादी खोटे बोलत होती' हे उत्तर बरोबर आहे.

दिवाळीनंतर आठवीची सहल हिवरे बाजारला न्यायची आहे. उताऱ्यात उत्तर न सापडलेले प्रश्न मुलांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. पहिला असा: बंदीच्या आधीच ज्याच्या शेतात बोअरवेल होती, त्याचे गावाने काय केले?