एकाचे पाप, शेजाऱ्याला ताप

सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपल्याकडे म्हणतात. ओले किती दिवस धुमसते, ते मात्र म्हण सांगत नाही. लिबियातील सुके 2011 साली आठ महिन्यांत जळून गेले. त्या ठिणगीने दूरच्या माली देशात जे पेटले, ते अजून विझलेले नाही.

दिवाळीच्या फराळाबरोबर ही वाळवंटातील राखरांगोळी कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण या प्रकरणात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कोणत्याही देशाच्या नागरिकाने मनाशी विचारून पाहावा असा आहे. लोकांनी जुलमी सत्ताधीशाला उलथवले आणि त्याची किंमत भलत्याच देशाला मोजावी लागली, तर उलथवणाऱ्यांचे चुकले काय?

कर्नल गद्दाफी 1 सप्टेंबर 1969 रोजी राजे इद्रिस यांना पदच्युत करून सत्तेवर आला, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. पुढे 42 वर्षे त्याने पक्ष, निवडणुका, राज्यघटना यांचे नावही निघू दिले नाही. राज्याला नाव मात्र दिले ‘जमाहिरिया’, म्हणजे साधारणपणे ‘जनतेचे राज्य’. या जनतेच्या राज्यात जनतेला तेवढी तोंड उघडण्याची मुभा नव्हती! 1996 साली त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात हजाराहून अधिक कैदी मारले गेले. त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षे काही कळवलेसुद्धा नाही. पुढे ही मंडळी बेनगाझी शहरात फोटो हातात घेऊन उभी राहू लागली. फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारने त्यांच्या वकिलाला पकडले आणि शहर उठले.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. 17 मार्च रोजी सुरक्षा समितीने नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याचा ठराव केला. दहा देश बाजूने, पाच तटस्थ. तटस्थांत भारत होता. लिबियात त्या वेळी आपले सुमारे 18 हजार लोक कामाला होते. त्यांतील बहुतेकांना सरकारने विमानांनी व जहाजांनी परत आणले. 20 ऑक्टोबरला सिर्त येथे गद्दाफी मारला गेला आणि 31 ऑक्टोबरला नाटोने मोहीम संपल्याचे जाहीर केले. अकरा दिवसांत विमाने घरी! लिबियातील शस्त्रागारे उघडी पडली होती. त्यांना कुलूप कोणी लावायचे, याची वाटणी कोणी केली नव्हती.

आता नकाशा पाहावा. लिबिया आणि माली यांची हद्द कोठेही एकमेकींना भिडत नाही. मध्ये अल्जीरिया आणि नायजर आहेत. पण वाळवंटाला नकाशातील रेघा दिसत नाहीत. तेथे तुआरेग नावाचे लोक शतकानुशतके उंट घेऊन हिंडत आले. 1970 नंतरच्या दुष्काळांत त्यांची जनावरे मेली आणि तरुण पोरे कामाच्या शोधात लिबियात गेली. या पोरांना त्यांच्या भाषेत ‘इशुमार’ म्हणत. भाषेच्या मास्तराला थांबवणारा हा शब्द आहे, कारण तो फ्रेंचमधील ‘बेकार’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. पोटाची भूकच एका पिढीचे नाव होऊन बसली. गद्दाफीने या बेकारांच्या हाती बंदुका दिल्या आणि त्यांना आपल्या फौजेत घेतले.

धनी गेला, तेव्हा हे शिपाई हत्यारांसह उत्तर मालीत परतले. आपल्याकडे मराठी फौजा विस्कटल्यावर पेंढाऱ्यांनी मुलखाची काय दशा केली, ते इतिहास वाचणाऱ्यांना सांगायला नको. फौज मोडते, भाला मोडत नाही, तो दुसरे काम शोधतो. 17 जानेवारी 2012 रोजी मालीत बंड उभे राहिले. तुआरेगांची बंडे तेथे पूर्वीही झाली होती, म्हणजे लाकडे जुनीच होती. परंतु एवढा दारूगोळा पूर्वी कधी आला नव्हता.

खरी चुटपुट पुढे आहे. मालीच्या लोकांनी 1991 साली आपला हुकूमशहा उठाव करून घालवला होता आणि नंतर वीस वर्षे निवडणुका घेतल्या होत्या. बंडखोरांपुढे लढायला शस्त्रे मिळत नाहीत, म्हणून चिडलेल्या शिपायांनी 22 मार्च 2012 रोजी निवडून आलेल्या अध्यक्षालाच हाकलले. मतदान महिनाभरावर आले होते! त्या गोंधळात उत्तरेकडील शहरे पडली. स्वातंत्र्य मागणाऱ्या तुआरेगांनाही बाजूला सारून धर्मवेड्या टोळ्यांनी टिंबक्टू घेतले आणि तेथील संतांच्या कबरी कुदळींनी फोडल्या. घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथ्या, कायद्याच्या, ज्योतिषाच्या, वैद्यकाच्या, लोकांनी पत्र्याच्या पेट्यांत भरून गाड्यांतून आणि नायजर नदीतील होड्यांतून गुपचूप बामाकोला नेल्या. 2013 च्या जानेवारीत फ्रेंच फौज आली, तेव्हा टोळीवाल्यांनी निघता निघता काही हस्तलिखिते पेटवलीही.

त्यानंतर दहा वर्षे संयुक्त राष्ट्रांची फौज मालीत होती. तिचे तीनशेहून अधिक लोक मरण पावले आणि 2023 अखेर ती परतली. दरम्यान मालीत 2020 व 2021 साली, बुर्किना फासोत 2022 साली दोनदा आणि नायजरमध्ये 2023 साली लष्कराने सत्ता घेतली. जुलै 2025 मध्ये पश्चिम मालीतील एका सिमेंट कारखान्यातून तेथे काम करणाऱ्या 3 भारतीयांना हत्यारबंद लोकांनी पळवून नेले. ठिणगी एवढ्या लांब येते.

हे सारे पाहून पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात, “त्यापेक्षा गद्दाफी बरा होता.” मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. वाळवंटातील बंडखोरांना हत्यारे देणारा तोच आणि सरकारशी त्यांचा समेट घडवायला बसणारा तोच. आग लावणारा तोच, बंब घेऊन धावणाराही तोच! अशा माणसाच्या मर्जीवर टांगलेल्या स्वस्थतेला शांतता म्हणता येत नाही. तो म्हातारा होऊन अंथरुणात मेला असता, तरी त्याच्या मागे ना घटना होती, ना लोकांनी मानावी अशी कोणती संस्था. बंदुका तेवढ्या होत्या. विमाने पाठवणाऱ्यांवर घाईने पाठ फिरवल्याचा दोष आहेच आणि मालीच्या राज्यकर्त्यांनी स्वतःचे लष्कर पोकळ होऊ दिले, हाही आहे. पण आठ महिन्यांच्या उठावाच्या माथी 42 वर्षांची बाकी मारणे हा हिशेब खोटा आहे.

बेनगाझीच्या आया एवढेच विचारत होत्या, की आमची मुले कोठे पुरलीत? ‘बाई, तुझ्या प्रश्नाने उद्या टिंबक्टू जळेल, गप्प बस,’ असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? तो प्रश्न वेळीच ऐकून घेईल असे एखादे न्यायालय, एखादी विधानसभा त्या देशात असती, तर मालीतल्या पोथ्यांवर पेट्यांत लपून नदी उतरण्याची पाळी आली नसती.