विश्लेषण : आजारी बाळाच्या तपासणीत ‘एक मिनिट’ निर्णायक का?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरील जिते (ता. पेण) यांसारख्या गावांत आजारी बाळाला अनेकदा सर्वांत आधी पाहते ती आशा सेविका किंवा उपकेंद्रातील परिचारिका. पुढील उपचारांसाठी पेणचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. बाळाला घरी ठेवायचे की तातडीने हलवायचे, हे तिच्या तपासणीवर ठरते. ही तपासणी नेमकी कशी होते?

मुलांची तपासणी वेगळी का?

तान्ह्या बाळाला काय होते आहे हे सांगता येत नाही. शिवाय जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी झाले तरी मुलाचा रक्तदाब बराच काळ टिकून राहतो आणि मग एकदम घसरतो. त्यामुळे केवळ रक्तदाबावर विसंबता येत नाही. वाढलेली नाडी, गार पडलेले हातपाय, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक लागणारा वेळ ही आधीची लक्षणे असतात. औषधाची मात्राही वजनानुसार ठरत असल्याने वजन घेणे हा तपासणीचाच भाग आहे.

श्वास कसे मोजतात?

बाळ शांत असताना, कपडे वर करून, छाती-पोटाची हालचाल पाहत पूर्ण ६० सेकंद. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. दोन महिन्यांखालील बाळात आकडा जास्त आला तर पुन्हा मोजावे लागते. खोकला असलेल्या मुलात जलद श्वसन हे न्यूमोनियाचे लक्षण मानले जाते. घरची माणसे ‘पोट उडतंय’ म्हणतात, तेव्हा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे पाहायलाच हवे.

थांबू नये अशी लक्षणे कोणती?

दूध किंवा पाणी न पिणे, प्यायलेले सगळे उलटून पडणे, झटके येणे, मूल निपचित किंवा बेशुद्ध असणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

गडचिरोलीने काय दाखवले?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. अंक न येणाऱ्या दायांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक तयार केले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या गावांत न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग झाला. २०११ पासून देशभर आशा सेविका जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत गृहभेटी देऊ लागल्या. २०१९ मध्ये केंद्राने न्यूमोनियाविरोधात ‘सांस’ मोहीम सुरू केली.

मग अडचण कुठे?

निकष साधे असले तरी त्यांना वेळ लागतो. गर्दीत १५ सेकंद मोजून चारने गुणले, तर मोजणीतील एका श्वासाची चूक चारपट होते. बाळांचा श्वास अनियमित असल्याने हा फरक निदान बदलू शकतो. रडणाऱ्या बाळाचा आकडाही फसवा असतो. मोठ्यांचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही. आणि ऑक्सिजन ठीक दिसला म्हणजे न्यूमोनिया नाही, असेही नाही.

दुसरा प्रश्न फेरतपासणीचा. औषध सुरू केल्यावर दोन दिवसांनी मूल पुन्हा पाहायचे असते. रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. नेमक्या थंडीच्या, न्यूमोनियाच्या दिवसांत गृहभेटींची साखळी तुटते. भट्टी ज्या गावात आहे, तिथल्या आशा सेविकेकडे बाळाची माहिती पोहोचली, तरच ती पुन्हा जुळते.

त्यामुळे प्रशिक्षण देऊन काम संपत नाही. परिचारिकेला प्रत्येक मुलामागे ते एक मिनिट मिळेल, लहान मुलांसाठीची साधने हाताशी असतील आणि तिने ‘हलवा’ म्हटल्यावर वाहन येईल, याची हमी यंत्रणेला द्यावी लागेल.